सेलममध्ये कोणालाही जाळलं नव्हतं

अमेरिकी लेखक आर्थर मिलरच्या 'द क्रुसिबल' नाटकावरून एक मेसेज फिरतोय, की अमेरिकेतल्या सेलममध्ये शेकडो चेटकिणींना जिवंत जाळलं आणि नाटकात दाखवलंय ते सगळं जसंच्या तसं घडलंय. दोन्ही चूक आहे.

1692 मध्ये तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिली, त्यात 5 पुरुष होते. जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने खटल्याला उत्तरच द्यायला नकार दिला म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत गेले आणि तो त्यातच गेला, शिवाय काहीजण तुरुंगात मेले. जाळलं कोणालाच नाही, कारण तिथे इंग्लिश कायदा चालायचा आणि त्यात या गुन्ह्याला फाशी होती. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे ज्यांनी 'हो, मी चेटकीण' असं कबूल केलं ते बहुतेक वाचले, खरं बोलणारे लटकले!

आता नाटक. त्यातल्या अबिगेल आणि जॉन प्रॉक्टर या पात्रांचं लफडं मिलरने स्वतः रचलंय, खरी अबिगेल 11-12 वर्षांची पोर होती आणि प्रॉक्टर साठीचा, वय वाढवल्याचं मिलरनेच छापील नाटकाच्या सुरुवातीला सांगितलंय, लपवलेलं नाही काही.

अजून एक, 'मिलरची चौकशी झाली म्हणून त्याने सूड म्हणून हे लिहिलं' हेही उलटं आहे. नाटक 1953 चं, मिलरला अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे बोलावलं 1956 मध्ये. कम्युनिस्टांच्या नावाने चाललेली धरपकड तो आजूबाजूला बघत होता, त्यातून नाटक आलं, हे मात्र खरंय.

तो मेसेज पुढे पाठवला असेल तर प्लीज हेही त्याच ग्रुपवर टाका.