शेमा, दहा माणसं आणि एक देव

यहुदी धर्मावर मराठीत काही लिहिलं गेलं की पहिल्या परिच्छेदात हमखास वाक्य येतं: ‘हा एकेश्वरवादी धर्म आहे.’ मग लेखक पुढे निघतो. जणू देवांची शिरगणती झाली, आकडा एक भरला, विषय मिटला. मला वाटतं, विषय तिथून सुरू होतो. आणि तो तत्त्वज्ञानात कमी, रोजच्या आचारात जास्त सापडतो.

शेमा ही यहुद्यांची रोजची मुख्य प्रार्थना. तिचं पहिलं वाक्य सहा शब्दांचं आहे: ‘शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.’ ऐक इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक. (बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, ६:४) रात्री तारे दिसू लागल्यावर एकदा आणि सकाळी दिवसाचा पहिला चतुर्थांश संपायच्या आत एकदा, असं रोज दोनदा म्हणायचं. आता जरा बघा, हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? देवाला नाही. इस्राएल इस्राएललाच सांगतोय. दिवसातून दोनदा डोळ्यांवर उजवा हात ठेवून एक समाज स्वतःलाच ‘ऐक’ म्हणतो, आणि देव ‘माझा’ न म्हणता ‘आमचा’ म्हणतो.

उच्चाराचे नियम कडक आहेत. ‘एहाद’मधलं शेवटचं अक्षर दालेत लांबवायचं, मधलं हेत घाईत गिळायचं नाही. तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, हस्तलिखित गुंडाळीत हे दालेत मोठं लिहितात. कारण दालेत आणि रेश यांत फरक फक्त कोपऱ्याचा. तो गोल झाला की ‘एहाद’चं ‘अहेर’ होतं, म्हणजे ‘दुसरा’. एका कोपऱ्यात सगळा एकेश्वरवाद! ‘शेमा’ या पहिल्या शब्दातलं आयिन हे अक्षरही मोठं असतं. ही दोन अक्षरं जोडली की ‘एद’ होतो, म्हणजे साक्षीदार. पुढे ‘तिझ्केरू’ (तुम्ही आठवण ठेवाल) म्हणताना झ स्पष्ट घुमवायचा, नाहीतर ऐकणाऱ्याला ‘तिस्केरू’ ऐकू येतं: तुम्ही मजुरी कमवाल. मजुरीसाठी देवाची सेवा करू नये ही शिकवण, आणि जीभ घसरली तर नेमकं तेच तोंडून जायचं.

‘एक’ म्हणजे काय, यावर एकमत आहे असं समजू नका. बाराव्या शतकातले रम्बाम म्हणजे मैमोनिडीझ सांगतात की हे एकपण कशाच्याच एकपणासारखं नाही. अनेक व्यक्ती मिळून एक जात होते तसं ते नाही, आणि भागांत तोडता येणाऱ्या एका शरीरासारखंही नाही. त्यांच्या आधीच्या शतकातले फ्रान्सचे राशी (माणसाचं नाव आहे, पंचांगाशी संबंध नाही) हेच वाक्य काळाच्या अंगाने वाचतात: आज जो फक्त आमचा देव आहे, तो पुढे सर्वांचा एक देव होईल. म्हणजे रम्बामांचं ‘एक’ आजच पूर्ण आहे, राशींचं अजून व्हायचं आहे. मला राशी जवळचे वाटतात. कारण त्यांच्या वाचनात माणसांवर काहीतरी काम येऊन पडतं.

तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) चर्चांच्या जुन्या संग्रहात, बेराखोत भागात, एक धीट कल्पना आहे. यहुदी पुरुष प्रार्थनेच्या वेळी तेफिलीन बांधतात, त्या चामड्याच्या डब्यांत शेमा लिहिलेली असते. मग रब्बी विचारतात: देवही तेफिलीन बांधत असेल, तर त्याच्या डब्यात काय लिहिलंय? उत्तर येतं: ‘तुझ्या इस्राएल प्रजेसारखी पृथ्वीवर एक प्रजा कोणती?’ माणसाच्या डब्यात देवाचं एकपण, देवाच्या डब्यात माणसांचं. शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) दुपारच्या प्रार्थनेत हे दोन्ही एकाच दमात म्हणतात.

शेमाचा पहिला परिच्छेद ‘तू’ला आहे: तू प्रीती कर, तुझ्या मुलांना शिकव. दुसरा ‘तुम्ही’ला. पाऊस, धान्य, दुष्काळ या गोष्टी दुसऱ्यात येतात. प्रीती एकट्याने करता येते. पाऊस पडला किंवा नाही पडला तर तो सगळ्या गावाचा असतो. तिन्ही परिच्छेदांचे मिळून शब्द भरतात २४५, आणि हवेत २४८, माणसाचे अवयव रब्बींनी मोजले तितके. समुदायात असाल तर प्रार्थना चालवणारा शेवटचे तीन शब्द पुन्हा म्हणून भरती करतो. एकटे असाल तर अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या) प्रथेत सुरुवातीला तीन शब्द स्वतः जोडावे लागतात.

शेमा एकट्याने म्हणता येते. कद्दीश आणि केदुशा या स्तुतिप्रार्थना आणि तोराचं आशीर्वादांसह जाहीर वाचन यांना मात्र दहा जण लागतात. हा मिन्यान. ऑर्थोडॉक्स (जुन्या नियमांना धरून असलेल्या) परंपरेत तेरा वर्षांवरचे पुरुष धरतात, सुधारणावादी रिफॉर्म आणि बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह सभांत स्त्रियाही. माणसं थेट मोजायची नसतात, म्हणून दहा शब्दांचं एक स्तोत्रवचन घेऊन प्रत्येकामागे एक शब्द उच्चारतात. दहा जणांनी सुरू केल्यावर काही उठून गेले, तरी सहा उरले असतील तर हातातला भाग पुरा करता येतो; जाणाऱ्यांना मात्र बोल लागतो. आणि दहाच का? बायबलमध्ये मोशेने कनान देश हेरायला बारा जण पाठवले. यहोशवा आणि कालेब सोडून दहा जणांनी घाबरून लोकांना फितवलं, आणि देवाने वैतागून त्या दहांना ‘मंडळी’ म्हटलं. तिथून हा आकडा काढला! पवित्र समुदायाचं माप नालायक दहांवरून घेणारी परंपरा एकीविषयी भाबडी असेल, असं मला वाटत नाही.

सुक्कोथच्या सणातही हेच. खजुराची एक न उमललेली झावळी, मर्टलच्या तीन डहाळ्या, वाळुंजाच्या दोन, यांची जुडी उजव्या हातात. डाव्या हातात एथ्रोग, म्हणजे आपलं महाळुंग, अंबाबाईच्या हातात असतं त्याच जातीचं. मिद्राश, म्हणजे रब्बींचं बायबलवरचं जुनं भाष्य, सांगतो: महाळुंगाला चवही आहे नि वासही, खजुराला नुसती चव, मर्टलला नुसता वास. वाळुंजाला दोन्ही नाही. चव म्हणजे विद्या, वास म्हणजे सत्कर्म. पण वाळुंज वगळलं तर उरलेल्या तिघांनी विधी होत नाही, अर्धासुद्धा नाही. (तेच सगळ्यात आधी सुकून पानं गाळतं, म्हणून सणात मध्येच बदलावं लागतं. निरुपयोगी माणसाचीच जास्त देखभाल!)

एकी म्हणजे एकमत नव्हे, याचा ठोस पुरावा तालमूदच्या येवामोत भागात आहे. हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या पंडितांच्या घराण्यांचे, म्हणजे शिष्यपरंपरांचे, विवाहविषयक नियमांवरच गंभीर मतभेद होते. तरी त्यांनी एकमेकांत सोयरीक थांबवली नाही. माझ्या मते समाज एक आहे की नाही याची खरी कसोटी हीच, घोषणा नव्हेत.

या कसोटीवर विसाव्या शतकात इस्राएलचं रब्बी मंडळ कमी पडलं, आणि त्याची झळ मराठी बोलणाऱ्यांना लागली. १९६२ मध्ये सूचना निघाली: बेने इस्राएल (कोकणातून आलेल्या मराठीभाषक यहुदी समाजातल्या) व्यक्तीचं इतर यहुद्याशी लग्न लावण्याआधी आईकडची वंशावळ जमेल तितकी मागे तपासा. जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, या समाजाच्या बाजूने ठराव केला, आणि मग सूचनेतून समाजाचं नाव निघालं. ज्यांची परीक्षा घेतली जात होती ते कोकणातले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. त्यांच्याकडे शतकानुशतकं ना तोरा होती ना रब्बी. शब्बाथ, सुंता, खवले-पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि शेमा, एवढं टिकलं होतं. सुंतेला शेमा, लग्नात शेमा, कारण दुसरी प्रार्थना माहीतच नव्हती.

आज कोकणातल्या सिनेगॉगांत (यहुदी प्रार्थनामंदिरांत) तोराची गुंडाळी कपाटात आहे. बरेच लोक इस्राएलला गेले, त्यामुळे ती उघडून वाचायला दहा माणसं जमवणं मात्र कठीण झालंय.