‘देवाचा न्याय’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

भजनी मंडळांच्या आणि बचत गटांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. तो आमच्या थोरल्या वहिनींपर्यंत पोचला, त्यांनी खरा मानला आणि माहेरच्या ग्रुपवर पुढेही ढकलला, म्हणून हे लिहावं लागतंय. मजकुराचं सार असं: पूर्वी गावात देव स्वतः न्याय करायचा. चोर किंवा करणी करणारी बाई ओळखायला तापल्या तेलात हात घालायला लावत, खऱ्याला कधी भाजत नसे. इंग्रजांनी हा न्याय बुडवला. 2013 च्या जादूटोणा कायद्यानं पूजा, नवस, अंगात येणं हे सगळंच गुन्हा ठरवलं. साप चावला तर माणसाला देवाच्या पायरीवर ठेवावं, विष उतरतं. गारपीट ही अधर्माची शिक्षा आहे. कलियुग संपतच आलं आहे आणि कोर्ट देव मानत नाही, तेव्हा कोर्टकचेरी सोडा आणि देवाचा कौल घ्या. आणि हे 11 जणांना पाठवा.

यातला सगळ्यात घातकी मुद्दा तेलाचा. तो वाचून उद्या कोणाच्या तरी अंगणात कढई चढेल, म्हणून आधी त्याचंच बघू.

मेसेज ‘आपल्या शास्त्रात सांगितलं आहे’ असं म्हणतो. शास्त्रात काय सांगितलं आहे ते तरी नीट वाचा. याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय, म्हणजे न्यायनिवाड्याचा भाग घ्या. महाराष्ट्रात शतकानुशतकं ज्या मिताक्षरेवर वाटणीचे आणि वारसाचे निवाडे झाले, ती याच स्मृतीवरची टीका. तिथे श्लोक आहे: ‘प्रमाणं लिखितं भुक्तिः साक्षिणश्चेति कीर्तितम् । एषामन्यतमाभावे दिव्यान्यतममुच्यते ॥’ म्हणजे पुरावे तीन: कागद, वहिवाट आणि साक्षीदार. यातला एकही मिळत नसेल, तेव्हाच दिव्य, म्हणजे देवाच्या नावानं घ्यायची आग, पाणी, विष, तराजू अशी परीक्षा. कागद असताना, धुऱ्यावरचा शेजारी साक्ष द्यायला तयार असताना तेल तापवणं हे त्या स्मृतीच्याच विरुद्ध आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं क्रम बरोबर उलटा केला. पुरावा मागूच नका, थेट देवाकडे जा, असं तो सांगतो.

पुढच्या अटी तर त्यानं गाळूनच टाकल्या. दिव्य फक्त मोठ्या आरोपात, आणि तेही आरोप करणारा ‘खोटा ठरलो तर दंड मी भोगीन’ असं कबूल करत असेल तरच. आज गावात ‘हिनंच केली करणी’ म्हणणाऱ्याला काय गमवावं लागतं? काहीच नाही. तो पारावर बसून बोट दाखवतो आणि हात भाजतो दुसऱ्याचा.

तिसरी अट बायकांसाठी आहे, ती वहिनींनी आणि त्यांच्या ग्रुपवरच्या सगळ्या जणींनी वाचावी. स्त्रिया, मुलं, म्हातारे, आंधळे, पांगळे, रोगी आणि ब्राह्मण यांच्यासाठी स्मृतीनं तराजूचं दिव्य ठेवलं आहे, विस्तवाचं नाही. बाईचा हात तेलात घालायला लावणारा ‘धर्माचा न्याय’ कोणत्या धर्मातून आला, ते सांगा. आणि त्याच श्लोकात शूद्राला मात्र आग, पाणी किंवा सात यवांइतकं (जवाच्या दाण्यांइतकं) विष सांगितलं आहे. जातीप्रमाणे ज्याची कसोटी बदलते, त्याला देवाचा न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जुनं ते सगळं परत आणा म्हणणाऱ्यांनी आपल्या वाट्याला काय आलं असतं, हेही एकदा बघून घ्यावं.

अर्धं खरं आहे ते कबूल करतो. मराठेशाहीत दिव्यं झाली. गोतसभेसमोर, म्हणजे गावच्या न्यायसभेसमोर, रवादिव्य होत असे. हात धुवायचे, नखं काढायची, तेल-तुपाच्या कढत भांड्यातून धातूचा रवा उचलायचा. मग हातावर पिशवी बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी सगळ्यांसमोर उघडून फोड आला की नाही ते बघायचं. याच्या नोंदी जुन्या कागदांत आहेत. पण त्याच कागदांत महजर, म्हणजे निवाडापत्रंही आहेत, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांच्या साक्षी आणि निशाण्या असलेले. गावाचा रोजचा न्याय साक्षींवर चालायचा. दिव्य ही शेवटची, नाइलाजाची पायरी होती.

खऱ्याला भाजत नाही म्हणता? पुऱ्या तळायचं तेल 180 अंशांच्या आसपास असतं. साध्या 60 अंशांच्या पाण्यातही पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजते. तरीही कधी कधी हात वाचतो, त्याची कारणं अगदी साधी आहेत. हात ओला असेल तर पाण्याची वाफ होऊन क्षणभर पातळ पडदा तयार होतो. रवा वर असेल तर हात पटकन बाहेर येतो, तळाशी असेल तर चाचपडत बसावं लागतं. वखर-नांगर धरून घट्टे पडलेला हात एक, सत्तरीच्या म्हातारीची कागदासारखी कातडी दुसरी. सगळ्यात मोठं कारण म्हणजे जाळ. सरपण सारणारा माणूस ज्याच्या बाजूचा, निकाल त्याच्या बाजूचा. बांधून ठेवलेल्या हातात पू झाला तर तेवढ्यावरून माणूस चोर ठरतो. तांदूळ चावायला लावून ज्याच्या तोंडातून कोरडे पडतील तो चोर, या दुसऱ्या परीक्षेचंही असंच. भीतीनं लाळ आटते, आणि चारचौघांत उभं केलेला निर्दोष माणूसही घाबरतोच.

हे जुनं झालं, आता कोण करतं, असं म्हणायची सोय नाही. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना चौकात बांधून मारलं. डिसेंबर 2024 च्या शेवटी अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या रेट्याखेड्यात 77 वर्षांच्या म्हातारीला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, मिरचीची धुरी दिली गेली, मूत्र पाजलं गेलं. कोणता देव हे मागतो? असल्या मेसेजचं शेवटचं टोक तिथे आहे.

आता इंग्रजांबद्दल. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं. त्यानंतर कोर्टं आली, दिव्याला जागा उरली नाही, इतपत खरं. कोर्टात तारखांवर तारखा पडतात, खर्च होतो, हेही खरं, आणि लोक कंटाळून कौल लावतात त्याचं मोठं कारण तेच आहे. पण ‘कोर्ट देव मानत नाही’ हे साफ खोटं. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टानं, हिंदू मूर्ती ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे, असं मान्य केलं. देवस्थान इनामाचा सातबारा काढून बघा, भोगवटादाराच्या रकान्यात देवाचं नाव दिसेल. देवाच्या जमिनीवर कोणी अतिक्रमण केलं तर देवाच्या वतीनं वहिवाटदार दावा लावतो आणि उतारा, मोजणीचा नकाशा, साक्षीदार हजर करतो. प्रत्यक्ष देवाच्या नावच्या जमिनीलाही कागद दाखवावाच लागतो.

2013 चा कायदा पूजा बंद करतो, हे म्हणणारे तो कायदा उघडूनही बघत नाहीत. 20 ऑगस्ट 2013 ला या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. त्याच्या शेवटी कशाला हा कायदा लागू नाही, याची यादीच दिली आहे: प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन, व्रत, उपवास, नवस, मोहरमची मिरवणूक, कान-नाक टोचणं, वास्तुशास्त्राचा आणि ज्योतिषाचा सल्ला, नंदीबैलवाल्याचं भविष्य, जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या. अंगात येणंसुद्धा त्या यादीत आहे. अंगात आल्याचं दाखवून लोकांना धाक घालणं, धमकावणं हा मात्र गुन्हा आहे.

गुन्ह्यांच्या अनुसूचीत 12 बाबी आहेत. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीनं बांधणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, जोडा बुडवलेलं पाणी पाजणं. गुप्तधनासाठी अघोरी कृत्यं आणि नरबळी. अमुक बाई करणी करते, मंत्रानं गाईम्हशीचं दूध आटवते असं म्हणून तिला छळणं. यात भक्तीचं काय आहे? शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी उभी हयात कीर्तनातून बोकड कापण्याला आणि कर्ज काढून नवस फेडण्याला विरोध केला. त्यांना कोणी धर्मबुडवे म्हणणार आहे का?

सापाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, पण लक्ष द्या, इथे तासाभरात जीव जातो. पायरीवर ठेवलेले काही जण उठून बसतात, कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. नाग, मण्यार, घोणस म्हणजे आपल्याकडची परड, आणि फुरसं, यांचं विष अंगात गेलं तर मंत्रानं उतरत नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, खूण धड दिसत नाही. पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबतो. घरच्यांना वाटतं लेकराला बाहेरचं लागलं. चावलेला हात-पाय हलवू नका, फळकुटीचा आधार द्या. बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. ब्लेड मारू नका, दोरी आवळू नका, वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. परड किंवा फुरसं असेल तर रक्त गोठत नाही, म्हणून दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवून बघतात. विषाची लक्षणं असतील तर प्रतिविषाच्या पहिल्या 10 बाटल्या सलाईनमधून देतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट असतं. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून गंडेदोरे करणं हादेखील वरच्या 12 बाबींतला गुन्हा आहे.

गारपीट बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. जमीन तापलेली असते, बंगालच्या उपसागरावरून बाष्प येतं आणि वर थंड हवा असते. ढग उंच चढतात, गारा बनतात आणि अरुंद पट्ट्यात कोसळतात. म्हणून एका धुऱ्याकडचा हरभरा झोपतो आणि पलीकडचा उभा राहतो, आंबिया बहाराची संत्री एका बागेत गळतात आणि दुसरीत टिकतात. यात पाप-पुण्य शोधत बसलेला शेतकरी पंचनाम्याला मुकतो. नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी मदत मिळते, पण त्यासाठी पंचनामा लागतो, म्हणून पडलेलं पीक उचलण्याआधी फोटो काढून तलाठ्याला आणि कृषी सहायकाला लेखी कळवा.

कलियुगाचं गणित पंचांगातच आहे. शकात 3179 मिळवा. शके 1947 ला कलियुगाची 5126 वर्षं झाली. एकूण 4,32,000. उरली 4,26,874. ‘संपतच आलं’ ते हे.

मेसेजमुळे किंवा कशामुळेही गावात कोणावर करणीचा आळ आला, तर 112 ला फोन करा. तक्रार लेखी द्या. पुष्कळदा नुसती किरकोळ मारहाण म्हणून अदखलपात्र नोंद होते आणि मारणारा माणूस संध्याकाळी गावात परत येतो. म्हणून कशानं बांधलं, काय पाजलं, ‘करणी’ हा शब्द कोण बोललं, कोणी बघितलं, हे स्पष्ट लिहा आणि 2013 च्या जादूटोणा कायद्याखाली गुन्हा दाखल करा असं नमूद करा. या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. जखमांची सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तशी तरतूद आहे. गावानं वाळीत टाकलं तर 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा वेगळा आहे, त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. आणि तक्रारीच्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.