शोध लावला, की शोध घेतला?

लिस्बनमध्ये बेलेमला नदीकाठी एक दगडी जहाज उभं आहे, पोर्तुगीज दर्यावर्दींचं स्मारक. ५२ मीटर उंच, अंगावर ३३ पुतळे, १९६० साली बांधलेलं. माझी आठ वर्षांची लेक शाळेबरोबर ते पाहून आली आणि येताना प्रकल्पाचा विषय घेऊन आली: वास्को द गामा. वेंगुर्ल्याला बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "लुटारू होता तो. त्याचं कसलं कौतुक करताय?"

बाबांचं खोटं नाही. १५०२ साली, दुसऱ्या सफरीत, मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज त्याने बायकापोरांसकट जाळलं. गोव्यातल्या वास्को शहराचं नाव बदला म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. इकडेही सगळे डोळे मिटून बसलेले नाहीत. २०१८मध्ये लिस्बनमध्ये पोर्तुगीज सफरींवरच्या नियोजित संग्रहालयाच्या नावात 'शोध' हा शब्द नको, असं शंभराहून अधिक अभ्यासकांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं.

पण दोन्हीकडच्या वादात माझ्या मुलीच्या हाती काय लागतं? इथे पुतळा, तिथे शिवी. गामाच्या पहिल्या सफरीत शिकण्यासारखं जे होतं, ते दोन्हीकडे राहूनच जातं.

ते होतं वाऱ्यात. एप्रिल १४९८मध्ये गामा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचला. पुढचा समुद्र त्याच्या माणसांना ठाऊक नव्हता. तिथल्या राजाने एक वाटाड्या दिला. तो गुजराती होता, असं पोर्तुगीज बखरकार लिहितात. पावसाळ्याआधीचे वारे धरून त्याने जहाजं २३ दिवसांत मलबारला आणली. परतताना मात्र गामाने वाऱ्याची वाट पाहिली नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजं दुरुस्त करून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तो निघाला. कधी वारा पडलेला, कधी उलटा. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले, आणि तेवढ्यात तीसेक खलाशी गेले, बहुतेक हिरड्या सुजून, स्कर्व्हीने.

हे सगळं मी लेकीला नकाशा पसरून सांगितलं. जहाज जाळल्याचंही सांगितलं, आठ वर्षांच्या मुलीला झेपेल इतकंच. ते गाळणं मला पटत नाही. मोठी झाल्यावर तिला ते कुठूनतरी कळेलच, आणि मग आईने का लपवलं हा प्रश्न उरेल.

आपल्या भाषेत शोध लावतात आणि शोध घेतातही. लावला की नाव आपलं होतं, झेंडा आपला होतो. घ्यायचा तर आधी विचारावं लागतं, ज्याला माहीत आहे त्याचं ऐकावं लागतं. मला तिला हे दुसरं शिकवायचं आहे, आणि त्यासाठी गामाला पुस्तकातून खोडून चालणार नाही. आफ्रिकेला वळसा घालून अनोळखी पाण्यात जाण्याची त्याची छाती खरी होती. वाटाड्याचं ज्ञानही तितकंच खरं होतं, आणि त्याचं नावसुद्धा आज खात्रीने सांगता येत नाही.

प्रकल्पात तिने जाण्याची वाट निळ्या आणि परतीची लाल रंगाने काढली. लाल रेघेपाशी ती अडली: वारा नेमका कधी फिरतो? मला धड सांगता येईना. बाबांना विचारलं. ते जरा गप्प राहिले, मग म्हणाले, "थांब, बंदरावर जाऊन विचारून येतो." दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला आणि माझ्याशी न बोलता नातीला मागितलं. खारे वारे, मतलई वारे, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात कशा लोटतात, अर्धा तास चाललं होतं. ती वहीत लिहून घेत होती.