नुसतं "४५ देते" सांगू नका, मोजलं कसं ते सांगा

"गाडी लिटरला ४५ देते." झालं, संपला विषय. अरे पण कुठं देते, कोण चालवतं, कुठल्या स्पीडला, मोजलंस कसं, काहीच नाही. तीन आठवडे झाले मी यामाहाची आर१५, केटीएमची आरसी ३९०, कावासाकीची निंजा ४०० ह्या स्पोर्ट्स बाईकच्या ॲव्हरेजची तुलना करायला बसलोय आणि ज्याला विचारावं तो एक आकडा तोंडावर फेकून मोकळा होतो. डोकं फिरलंय नुसतं.

आणि वरून तो ठरलेला डायलॉग, "ॲव्हरेजच बघायचं तर स्पोर्ट्स बाईक कशाला, १०० सीसीची घे की." का रे बाबा? रोज मी गाडी चालवणार, पेट्रोल माझ्या खिशातून जाणार, मग १५५ सीसीची सिंगल सिलेंडर आर१५ आणि ३९९ सीसीची दोन सिलेंडरची निंजा ह्यात मला महिन्याला किती फरक पडेल हे विचारलं तर बिघडलं कुठं? गाडी आवडते म्हणून हिशोब करायचाच नाही असं कुणी सांगितलं?

एकाला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्याचे ४५ म्हणजे डिस्प्लेवर दिसलेले ४५. ते पण ट्रिप रिसेट करून मोकळ्या रस्त्यावर टॉप गियरमध्ये १५-२० किलोमीटर गेल्यावर. ट्रॅफिकमधल्या क्लचच्या मारामारीचं काय, ते त्यात धरलंच नाही. अरे डिस्प्ले काय टाकीत पट्टी बुडवून बघत नाही, इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून अंदाज काढतो. आणि हा माणूस तेवढ्यावर दुसऱ्याला "डोळे झाकून घे" सांगतोय!

बरं टाकी फुल टू फुल, म्हणजे फुल करून चालवायची आणि पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं ते बघायचं, असं मोजणारे तरी नीट मोजतात का? स्पोर्ट्स बाईकला डबल स्टँड नसतो, साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि टाकीतलं पेट्रोलही कलतं. एकदा कललेली असताना भरायचं, पुढच्या वेळी सरळ धरून भरायचं, की झाला घोळ. २०० किलोमीटरला खरं ५ लिटर गेलं असेल तर ४० येतात, पण भरताना अर्धा लिटर कमी बसलं की तेच ४४ च्या वर जातात, जास्त बसलं की ३६. मी गाडीवर बसून दोन्ही पाय टेकवतो, गाडी सरळ धरतो आणि दर वेळी पेट्रोल गळ्याच्या आतल्या त्याच कडेपर्यंत आलं की थांबवतो. असं सलग तीन टाक्या केल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. वेळ लागतो, मान्य आहे, पण मग तो आकडा कामाचा असतो.

कंपन्यांचे आकडे बघावे तर तिथं अजून गोंधळ. एक आकडा डब्ल्यूएमटीसीचा, म्हणजे लॅबमध्ये रोलरवर ठरलेल्या स्पीड पॅटर्नने चालवून काढलेला, आणि दुसरा सलग ६० च्या स्पीडला, तो अर्थातच जास्त. लोक एका गाडीचा हा उचलतात, दुसरीचा तो, आणि वर म्हणतात बघ, ही जास्त देते. तेच मैल पर गॅलनचं. ६० एमपीजी अमेरिकन गॅलनने धरले तर साधारण साडेपंचवीसचं ॲव्हरेज आणि ब्रिटिश गॅलनने धरले तर सव्वाएकवीस, पण गॅलन कुठला ते कुणी लिहीतच नाही!!

आणि स्पीडचं तर कुणाला काही पडलेलंच नाही. ६० वरून १२० ला गेलं की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला आठपट पॉवर लागते. आर१५ चा व्हीव्हीए, म्हणजे इंजिनच्या फिरण्याप्रमाणे वाल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, ७,४०० आरपीएमला कॅम बदलतो, आता एक जण कायम त्याच्या खाली चालवणारा आणि दुसरा गाडी सुरू केल्यापासून वर खेचणारा, ह्या दोघांचं ॲव्हरेज एक येईल का? दोघं आपापल्या जागी खरं बोलत असतील, पण ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर लिटरमागे ऊर्जाच साधारण ६-७ टक्के कमी मिळते, तेही कुणी सांगत नाही.

अजून एक, "एका टाकीत ४०० जाते" म्हणजे ॲव्हरेज नाही हो! आर१५ ची टाकी ११ लिटरची, निंजा ४०० ची १४ ची. एकीला त्यासाठी ३६ च्या वर द्यायला लागतात, दुसरीला साडेअठ्ठावीसमध्ये भागतं.

माझ्या आत्ताच्या सिंगल सिलेंडर गाडीचं सांगतो. सरळ धरून फुल टू फुल, तीन टाक्या, एकटाच, ६०-७० च्या स्पीडला ४३. तीच गाडी, तोच माणूस, हायवेला १०० च्या वर ठेवली तेव्हा ३२. आता ज्याच्याकडे ह्या तीनपैकी कुठली गाडी आहे त्याने असं सांगा, किती किलोमीटर, किती लिटर, कुठल्या स्पीडला. एवढं सांगणारा एक जण जरी भेटला तरी मी उद्या बुकिंग करतो.