टायमिंग बेल्ट तुटायची वाट बघा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

"जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन घरीच दुरुस्त करा, मेकॅनिक लपवतात त्या 7 गोष्टी" असा एक मेसेज गेले काही दिवस सगळीकडे फिरतोय. माझ्याकडे तो आधीही आला होता, मी वाचला आणि सोडून दिला, कोण वाद घालत बसणार. पण परवा भाच्याने तोच मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे खरं असेल तर बेल्टचं काम पुढच्या वर्षावर ढकलू का?" त्याच्याकडे 1986 ची पोर्शे 944 आहे, साधी आठ व्हॉल्व्हवाली, नुकतीच घेतलीय आणि आधीच्या मालकाने बेल्ट कधी बदलला याचा एकही कागद सोबत आलेला नाही. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमधल्या सात गोष्टी अशा. टायमिंग बेल्ट दिसायला बरा असेल तर तुटेपर्यंत हात लावू नका. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं मिश्रण) दुधाळ झालं म्हणजे हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, बाटलीतलं सीलंट ओता. गाडी गरम होते तर थर्मोस्टॅट काढून टाका. कूलंटऐवजी साधं पाणी घाला. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी असेल तर ड्रिलला होन (आतून घासायचं हत्यार) लावून सिलिंडर घासा आणि नवीन रिंगा टाका. टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) लागत नाही, हाताला अंदाज येतो. आणि छोट्या कामाला नुसता जॅक पुरतो, स्टँड लावायची गरज नाही.

एक आधीच सांगतो, घरी काम करण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः करतो आणि भाच्यानेही करावं असंच मला वाटतं. 944 ही 1982 ते 1991 बनली, दीड लाखाच्या वर गाड्या निघाल्या, चार सिलिंडरचं सरळ इंजिन आहे, पार्ट अजून मिळतात आणि फॅक्टरीचं वर्कशॉप मॅन्युअल इतकं सविस्तर आहे की शांतपणे वाचणाऱ्याला बहुतेक कामं जमतात. मेसेजचं पहिलं वाक्य, की मालकाने स्वतःच्या गाडीला हात लावावा, ते मला मान्य आहे. त्याच्या खाली जे लिहिलंय त्याने मात्र गाडी जाईल, आणि एका मुद्द्याने माणूसही जाईल.

सगळ्यात आधी बेल्ट. कारण याच एका वाक्याने एका झटक्यात इंजिन संपतं.

944 चं इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं आहे. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर सिलिंडरमध्ये जिथपर्यंत खाली येतो, त्याच जागेत पिस्टनही वर येतो, दोघांची वेळ वेगळी ठेवलेली असते म्हणून ते एकमेकांना लागत नाहीत. ती वेळ सांभाळणारी एकमेव वस्तू म्हणजे तो रबरी दात्यांचा बेल्ट. इंजिन 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) फिरत असताना क्रँक (पिस्टनच्या खालचा फिरणारा दांडा) सेकंदाला 50 फेरे मारतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. अशा वेळी बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आहे तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर चाकं क्रँकला फिरवत राहतात, पिस्टन येऊन त्या उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकले म्हणजे हेड उतरवणं आलं, त्याच्या मागोमाग व्हॉल्व्ह, गाइड, गॅस्केट, आणि नशीब फारच वाईट असेल तर पिस्टनसुद्धा. बरं, बेल्ट पूर्ण तुटायलाही लागत नाही, सैल होऊन काही दाते सरकले तरी तेच होतं. ज्यांचं इंजिन इंटरफिअरन्स नाही त्यांचा बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात बंद पडते, नवीन बेल्ट टाकला की चालू. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक तसलं इंजिन बघितलं असेल आणि तोच नियम सगळ्या जुन्या स्पोर्ट्स कारना लावून टाकलाय. आपलं इंजिन कुठल्या प्रकारचं आहे ते आधी शोधा, एवढं एक वाक्यसुद्धा त्यात नाही, याचा मला खरा राग आहे.

"दिसायला बरा असेल तर" हेही चूकच. या बेल्टची ताकद बाहेरच्या रबरात नसते, आतल्या धाग्यांत असते, आणि ते धागे थकलेले बाहेरून दिसत नाहीत. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली तरी रबर म्हातारं होतंच, किलोमीटर कमी आहेत म्हणून बेल्ट तरुण राहत नाही. शिवाय 944 मध्ये बेल्टच्या आसपास कॅमचं सील आहे, क्रँकचं सील आहे, बॅलन्स शाफ्टची (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांची) सीलं आहेत, यातलं एक जरी गळायला लागलं तरी तेल बेल्टवर येतं आणि तेल लागलेला बेल्ट भरवशाचा राहत नाही. आणि वॉटर पंप त्याच बेल्टच्या पाठीवर फिरतो! पंपाचं बेअरिंग जाम झालं की चांगला नवा बेल्टसुद्धा जातो. म्हणून जाणकार मंडळी बेल्टसोबत रोलर, सीलं आणि पंप एकदमच बघतात. बेल्टचा जो काळ मानतात तो साधारण 48,000 किलोमीटर किंवा तीन-चार वर्षं, जे आधी येईल ते. इतिहास माहीत नसेल तर काळ संपलाय असंच धरायचं.

आता टॉर्क रेंचचा मुद्दा इथेच घेतो कारण तो याच कामाला चिकटलेला आहे. मेसेज म्हणतो हाताला अंदाज येतो. अरे, कशाचा अंदाज? या गाडीत बेल्ट दोन आहेत, एक कॅमचा आणि एक बॅलन्स शाफ्टचा (ती बॅलन्स शाफ्टची पद्धत मूळ मित्सुबिशीच्या पेटंटची, पोर्शेने लायसन घेऊन वापरली). बेल्ट किती ताणलेला असावा हे मोजायला पोर्शेने खास गेज बनवलं, 9201 नंबरचं, आणि ताण थंड इंजिनवर मोजायचा, कारण ॲल्युमिनियमचा ब्लॉक गरम झाला की फुगतो आणि बेल्ट आपोआप ताणला जातो. गरम इंजिनवर ताण बरोबर वाटला म्हणजे थंड झाल्यावर तो सैल आहे. 1987 पासून स्प्रिंगवाला टेन्शनर (बेल्टचा ताण धरून ठेवणारा भाग) आला, भाच्याच्या गाडीत तो नाही, म्हणजे सगळं हातानेच सेट करायचंय. बोटांनी बेल्ट पिळून बघणारे जुने लोक आहेत, त्यातल्या काहींचा अंदाज खरंच बरोबर येतो हे मी मान्य करतो, पण त्यांनी आधी वर्षानुवर्षं गेज लावून तो हात तयार केलाय. पहिल्यांदा बेल्ट बघणाऱ्याला "हाताला अंदाज येतो" सांगणं म्हणजे फसवणूक आहे. आणि क्रँकचा पुढचा बोल्ट 210 न्यूटन मीटरला आवळायचा असतो, स्पार्क प्लग मात्र ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये त्याच्या कितीतरी पट कमी जोराला, हे दोन्ही एकाच मनगटाच्या अंदाजाने करणारा माणूस एकतर बोल्ट सैल ठेवेल नाहीतर हेडचे आटे घालवेल.

बेल्ट बसवल्यावर जी गोष्ट मेसेजमध्ये असायलाच हवी होती ती सांगतो. चारही प्लग काढायचे, गिअर न्यूट्रल, क्रँकच्या बोल्टला 24 चा सॉकेट लावून इंजिन हाताने सावकाश फिरवायचं, घड्याळाच्या दिशेनेच, उलटं कधीच नाही. पूर्ण दोन फेरे. हाताला एकसारखा मऊ विरोध लागत राहतो, मधे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांमुळे थोडं जड, थोडं हलकं, हे चालतं. पण एका जागी टणक काहीतरी अडलं, सॉकेट पुढे जाईना, तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही, तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो आणि हाताने टेकवला तेव्हा बहुधा काही वाकत नाही, स्टार्टरने टेकवला तर वाकतं. दोन फेऱ्यांनंतर बेल हाउसिंगच्या (फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, झाकणारं कवच) खिडकीतून फ्लायव्हीलवरची टीडीसीची खूण (पहिला पिस्टन सगळ्यात वर असल्याची) बघायची आणि वर कॅम गिअरची खूण मागच्या कव्हरच्या खाचेसमोर आली का ते बघायचं. दोन्ही एकाच वेळी जुळल्या तरच पुढे. जुळल्या नाहीत तर बेल्ट काढून परत. आणि नवा बेल्ट पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये थोडा ताणला जातो, म्हणून तेव्हा परत ताण बघायचा. भाच्याला उत्तर हेच दिलंय, की काम ढकलायचं नाही आणि बेल्ट होईपर्यंत गाडी स्टार्टसुद्धा करायची नाही.

पुढे दुधाळ कूलंट. इथे मेसेजने अर्धं खरं सांगितलंय, काही गाड्यांत कूलंटमध्ये तेल दिसणं हे हेड गॅस्केटचं लक्षण असतं. पण 944 मध्ये आधी संशय ऑइल कूलरवर घ्यायचा. हा कूलर ऑइल फिल्टरच्या हाउसिंगजवळ ब्लॉकच्या पाण्यात बसलेला असतो आणि त्याची रबरी सीलं कालांतराने कडक होऊन जातात. गाडी चालताना तेलाचा दाब चार-पाच बारपर्यंत जातो, कूलंटचा साधारण एक बार, म्हणून तेल पाण्यात घुसतं आणि एक्स्पान्शन टँकमध्ये तपकिरी लापशी दिसते, डिपस्टिकवरचं तेल मात्र बऱ्याचदा स्वच्छच असतं. यावर उपाय सीलं बदलणं, हेड उतरवायची गरजच नाही. आणि खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते ते) बघा, नाहीतर ते निळ्या द्रावणाचं टेस्टर टँकच्या तोंडावर लावा, कूलंटमध्ये एक्झॉस्ट गॅस येत असेल तर निळं द्रावण पिवळं होतं. सीलंट ओतलं तर काय होईल? सीलं गळतच राहतील आणि सीलंट जाऊन हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसेल. एक दुखणं होतं त्याची तीन झाली.

होन लावून सिलिंडर घासायचा सल्ला ज्याने दिला त्याने या इंजिनाचा ब्लॉक कशाचा आहे हे एकदाही विचारलेलं नाही. लोखंडी ब्लॉकमध्ये होन मारून नवीन रिंगा टाकतात, बरोबर आहे, तिथे ते नेहमीचं काम आहे. 944 च्या ब्लॉकमध्ये लोखंडी स्लीव्ह नाहीच, तो सुमारे 17 टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा आहे, 928 च्या व्ही-8 मधून आलेलं तंत्र. कारखान्यात बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या) पृष्ठभागावरचं ॲल्युमिनियम अगदी किंचित खाली नेऊन सिलिकॉनचे कडक कण वर उघडे ठेवतात, रिंगा त्या कणांवर चालतात, आणि पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या बाजूला) लोहाचा थर दिलेला असतो. ड्रिलला लावलेला साधा होन ते कण फोडून काढतो आणि मऊ ॲल्युमिनियम वर आणतो. मग नवीन रिंगा, नवीन पिस्टन, काहीही टाका, बोअर खराब झालेला आहे, आणि तो परत नीट करणं घरच्या हत्यारांचं काम नाही. चांगला ब्लॉक एका दुपारी भंगारात.

थर्मोस्टॅट. 944 मध्ये तो वॉटर पंपात बसतो, गरम झाला की रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत मागची चकती बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करते. तो काढला की बायपास कायम उघडा, म्हणजे बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतं. थंड करायला निघालात आणि गरम करून बसलात. गाडी तापत असेल तर आधी कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा, पुढचा भाग उंच करून, वरच्या आउटलेटवरचा ब्लीड स्क्रू उघडून, आणि रेडिएटरचा फॅन स्विच बघा. बहुतेक वेळा दोघांपैकी एक निघतो.

साध्या पाण्याबद्दल एक गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारत नाही, नुसतं पाणी ग्लायकॉलच्या (कूलंटमधल्या रसायनाच्या) मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, आणि ट्रॅकवर सांडलं तर ग्लायकॉल निसरडं होतं म्हणून रेसवाले पाणीच वापरतात. पण ते त्यात गंजरोधक घालतात आणि ते पाणी काढूनही टाकतात. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये महिनोन्महिने नुसतं पाणी ठेवलं तर आतून खात जातं. अर्धं-अर्धं मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही आणि गंजही थांबवतं, विषय संपला.

राहिला जॅक. हे मी शेवटी ठेवलंय पण हलकं समजून नाही. 944 चं वजन 1200 किलोच्या आसपास. हायड्रॉलिक जॅक एका रबरी सीलवर उभा असतो, ते सील कधी सुटेल ते सांगून सुटत नाही, आणि घट्ट बोल्ट सोडवताना आपण स्वतःच गाडीला हिसके देत असतो. काम दहा मिनिटांचं आहे म्हणून गाडी हलकी होत नाही. सपाट कडक जमीन, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागांखाली दोन स्टँड, मग गाडी खांद्याने ढकलून बघायची, हलली तर परत खाली घेऊन नीट लावायची. घरात कुणाला तरी सांगून ठेवायचं की मी गाडीखाली जातोय. हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी निदान हा सातवा मुद्दा खोडून परत पाठवा, आजच.