लाखोळीचा वडा खाऊन अल्झायमर होत नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज दोन दिवसांत माझ्या माहेरी, साकोलीला पोचला आणि आईने लाखोळीच्या डाळीचा (हिलाच खेसारी किंवा तिवडा म्हणतात) भरलेला डबा उकिरड्यावर रिकामा केला. मेसेज असा: 'लाखोळी डाळ म्हणजे हळू विष. एक वाटी खाल्ली तरी पाय जातात. विष अंगात साठतं, म्हातारपणी त्यातूनच पार्किन्सन आणि अल्झायमर होतो. कितीही शिजवा, जात नाही. म्हणूनच 1961 मध्ये सरकारने बंदी घातली. नागपुरातलं सगळं बेसन याच डाळीचं आहे.'

लाखोळीत विष आहे, हे खरंच. ओडॅप नावाचं हे अमिनो आम्ल 1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच शोधून काढलं. ते पाठीच्या कण्यातून पायांकडे हुकूम नेणाऱ्या मज्जापेशी मारतं. पोटऱ्या ताठरतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. हे अपंगत्व परत फिरत नाही. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. त्याची टिंगल कुणी करू नये.

पण एका वाटीने? दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, आताच्या युक्रेनमधल्या व्हाप्नियार्का इथल्या छावणीत ज्यू कैद्यांना रोज 400 ग्रॅमच्या आसपास लाखोळीच खायला दिली. काही आठवड्यांत शेकडो माणसं पायांनी अधू झाली. कैदी असलेल्याच एका डॉक्टरने, आर्थर केसलर यांनी, कारण ओळखलं. आपल्याकडे रीवा-सतना भागात मालक शेतमजुराला मजुरीच या धान्यात द्यायचे. घरात दुसरा दाणा नसायचा. साधारणपणे आहाराचा तिसरा हिस्सा किंवा जास्त लाखोळीच असेल आणि तसं दोन ते सहा महिने चाललं, तर हा रोग गाठतो. आणि तसं चालतं ते दुष्काळात. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत बी फेकलं की हे पीक फारशा मेहनतीविना येतं, पाण्यावाचूनही तग धरतं. बाकी सगळं वाळून जातं तेव्हा हेच उभं असतं, म्हणून भुकेलं घर तेवढंच खात राहतं. इथिओपियात 1990 च्या दशकात दुष्काळानंतर हेच झालं. भात, पोळी, भाजीसोबत कधीतरी लाखोळीचे वडे खाणाऱ्या माझ्या आईची गोष्ट आणि त्या मजुराची गोष्ट एक नव्हे.

अंगात साठण्याचं म्हणाल, तर ओडॅप पाण्यात विरघळतं. शिसं हाडांत साचून राहतं तसा याचा प्रकार नाही. पाण्यात विरघळतं म्हणूनच 'कितीही शिजवा, जात नाही' हेही खोटं ठरतं. डाळ भिजवून ते पाणी फेकलं, मग भरपूर पाण्यात उकळून तेही ओतून दिलं, तर बरंचसं विष निघून जातं. माझी मोठी आई वड्यांची डाळ रात्रभर भिजवून पाणी ओतूनच द्यायची. दुष्काळात ना तेवढं पाणी असतं, ना तेवढं सरपण.

अल्झायमरशी याचा संबंध जोडणं मला सर्वांत जास्त खटकलं. अल्झायमरमध्ये स्मृती जाते, पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि दोन्ही वर्षागणिक वाढतात. लॅथिरिझममध्ये बुद्धी शाबूत राहते, आणि डाळ बंद केली की अपंगत्व सहसा वाढत नाही. हा वेगळाच रोग आहे. पार्किन्सनचीच काळजी असेल तर पॅराक्वाटसारख्या तणनाशकांकडे बघा. त्यांचा संबंध कितीतरी अभ्यासांत दिसला आहे आणि युरोपीय संघात 2007 पासून त्यावर बंदी आहे. यवतमाळात 2017 ला फवारणी करताना विषबाधेने शेतकरी, मजूर मेले. विदर्भात मज्जासंस्थेला घातक रसायनांबद्दल बोलायचं तर तिथून सुरुवात करायला हवी.

बंदीचं तर अर्धंच सांगितलंय. 1961 च्या केंद्राच्या नियमाने विक्री बंद झाली, पण शेतकरी पेरत राहिले, घरी खात राहिले. महाराष्ट्राने 2008 मध्ये बंदी उठवली. मधल्या काळात 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' हे ओडॅप खूप कमी असलेले वाण आले.

राहिलं बेसन. भेसळ होते, आणि तो गुन्हाच आहे. तुरीच्या डाळीत लाखोळी असेल तर चपटे, पाचरीसारखे कोनदार दाणे बघून ओळखता येते. बेसनात डोळ्यांना कळत नाही. शंका आली तर नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. पण 'नागपुरातलं सगळं बेसन' हे कोणी, कुठे तपासलं? मेसेजमध्ये एका चाचणीचाही उल्लेख नाही.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने एकच विचारलं, शेजारच्या गावात एका घरी हल्ली दोन्ही वेळेला लाखोळीच शिजते, त्यांचं काय? त्यांना मात्र आजच थांबवायचं, म्हटलं. रेशनचा तांदूळ, गहू त्यांच्यापर्यंत पोचतोय का ते बघ, आणि कुणाच्या पोटऱ्या ताठरत असतील तर त्याला लगेच मेंदूविकारतज्ज्ञाकडे ने. ती उद्या जाणार आहे.