मे महिना, मालवण आणि बेलबॉटम

चुलतभावाच्या हळदीला ‘रेट्रो थीम’ ठेवायची आयडिया कुणाची, ते अजून कुणी कबूल करत नाहीये, पण ज्याने काढली तो एसीत बसलेला असणार एवढं नक्की. मे महिना, मालवण आणि थीम काय तर सत्तरचं दशक! म्हणजे टेरिकॉटचा (पॉलिस्टर आणि सुती मिसळलेल्या कापडाचा) शर्ट, खांद्यापर्यंत पोचणारी कॉलर आणि खाली बेलबॉटम.

शर्ट काकांच्या ट्रंकेत ओरिजनलच मिळाला. चॉकलेटी, त्यावर केशरी फुलं, डांबरगोळ्यांचा वास, पण सुरकुती म्हणाल तर एक नाही. हा शर्ट घालून काका भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी यायचे म्हणे. पॉलिस्टर चुरगळत नाही, झटकन वाळतं, म्हणून तेव्हा लोक त्यावर फिदा होते. झटकन वाळतं, कारण ते पाणी फारसं पीतच नाही. मग घाम जातो कुठे? पाठीवरून ओघळत थेट पँटीत.

पँट शिवायला टाकली तर टेलरनी विचारलं, "बॉटम किती?" म्हटलं २२ इंच. चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की जसं काय मी उधारी मागितली. "२६ करूया. २२ ला काय बेलबॉटम म्हणतात?"

एवढं करून मांडवात शिरलो तर कौतुक राहिलं बाजूला, काकांनी परीक्षाच घेतली. "गुडघ्याकडे फिट नाय रे झिला, ह्यो लेंगो झालो!" मग कल्ले बघितले, ते पण नापास.

तेवढ्यात वळवाचा पाऊस आला. अंगणात लाल चिखल आणि माझी पँट दोन्ही बाजूंनी तो पुसत चाललेली. आता बेलबॉटम मुळात बोटीवरच्या खलाशांची पँट, डेक धुताना गुडघ्याच्या वर दुमडता यावी म्हणून खाली रुंद, असं सांगतात (आमचे खलाशी सरळ हाफपँट घालतात, विषयच संपला). मी दुमडली आणि खरंच सर्रकन वर गेली! बाकी थीम न पाळलेली पोरं स्किनी जीन्समध्ये, त्यांची पोटरीच्या वर सरकेना. झालं, मागच्या पडवीतून मांडवात भाताची पातेली आणायची ड्यूटी एकट्या माझ्याकडे. वर सोलकढीचा टोप पण. आणि मांडवातून काका ओरडतायत, "सांडू नको रे, माझो शर्ट तो!"